ध्येय वहीत लिहिलंय, पण रोजच्या निर्णयांत ते कुठेच दिसत नाही. नेमकं काय चुकतं?

कोरीपाटी

आयुष्याला दिशा हवी, हेतू हवा, हे सगळीकडे वाचायला मिळतं आणि पटतंही. अडतं ते त्याच्या पुढे. समजा वहीत असं वाक्य लिहिलं: 'सतत शिकत राहायचं, आनंदी राहायचं आणि समाजासाठी काहीतरी करायचं.' वाक्य चुकीचं नाही. पण नोकरी बदलायची की नाही, रविवारचे चार तास कशाला द्यायचे, नवीन कोर्सला पैसे भरायचे का, यातल्या एकाही प्रश्नाला त्या वाक्याकडून उत्तर मिळत नाही. वही मिटली की विषय संपला.

जाणकारांना प्रश्न असे:

१. हे वाक्य उपयोगी पडेल असं लिहायचं कसं?
२. पाच-दहा वर्षांचं चित्र आणि येणारा मंगळवार यांची सांगड कशी घालायची?
३. 'हेतू असलेली माणसं जास्त जगतात' वगैरे जे सांगतात त्यात तथ्य किती?
४. खूप शोधूनही हेतू सापडलाच नाही तर?

सुविचार नकोत, 'मी कसा घडलो' पण नको. पद्धत हवी आहे.

---

आडवाट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

तुमच्या वाक्याची अडचण एकच आहे: त्याने कशालाच 'नाही' म्हणता येत नाही. शिकणं, आनंद आणि समाज या तिन्हींत जगातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बसते. हेतूचं वाक्य चाळणीसारखं हवं, त्यातून काहीतरी गळून पडलं पाहिजे. गळत नसेल तर ते सजावटीचं वाक्य आहे.

आणि डोळे मिटून विचार करत बसू नका. असं बसलं की ऐकलेली, इतरांची वाक्यंच आठवतात. आधी नोंदी करा. पद्धत अशी:

दोन आठवडे, रोज, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. प्रत्येक रकान्यात तीन गोष्टी: काय केलं, कोणी सांगितलं म्हणून केलं की आपणहून, आणि संपल्यावर कसं वाटलं (अधिक, शून्य, उणे, एवढंच चिन्ह). नोंद त्याच दिवशी व्हायला हवी, दोन दिवसांनी आठवून लिहिलेली नोंद आपल्याला शोभेल अशी होते. मधेच बेरजा मारू नका, नाहीतर उरलेले दिवस आपण वहीसाठी जगायला लागतो.

पंधराव्या दिवशी नोंदींमध्ये तीन गोष्टी शोधा. कोणी न सांगता पुन्हा पुन्हा केलेलं काम कोणतं? लोक तुमच्याकडे नेमकं काय विचारायला येतात? आणि कोणतं काम दुसऱ्याने ढिसाळपणे केलेलं पाहिलं की तुमचं डोकं फिरतं? तिसरा प्रश्न लोक हटकून वगळतात, पण सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. जिथे आपल्याला काहीच पडलेलं नसतं, तिथल्या ढिसाळपणाचा राग येत नाही.

मग वाक्य लिहा. साचा: कोणासाठी + कशात बदल + ठोस क्रियापद. वीस शब्दांच्या आत. 'समाजासाठी काहीतरी करणे' हे वाक्य नापास. 'आजाराची किचकट माहिती रुग्णाच्या घरच्यांना कळेल अशा भाषेत पोचवणे' हे पास, कारण ते वाचून कोणता कोर्स नको हे लगेच कळतं.

आता वाक्य तपासा. गेल्या दोन वर्षांतले तीन मोठे निर्णय घ्या आणि हे वाक्य तेव्हा हाताशी असतं तर निर्णय बदलला असता का ते पाहा. तिन्ही वेळा 'नाही' आलं तर वाक्य फार सैल आहे, जे घडलं त्यालाच ते मान डोलावतंय. तिन्ही वेळा 'हो' आलं तर बहुधा ते उसनं आहे, तुम्ही आहात त्यापेक्षा कोणीतरी वेगळं व्हावं अशी ती इच्छा आहे. एक-दोन निर्णय बदलत असतील तर वाक्य कामाचं.

उसनेपणा तपासायची आणखी एक रीत आहे. केनन शेल्डन आणि अँड्र्यू इलियट यांनी १९९९ साली ध्येयं स्वतःशी किती जुळतात यावर काम केलं. ध्येय धरण्यामागची चार कारणं ते वेगळी मोजतात: कोणीतरी सांगतंय किंवा परिस्थिती भाग पाडतेय, नाही केलं तर अपराधी वाटेल, मनापासून महत्त्वाचं वाटतं, करतानाच मजा येते. घरी करायचं तर प्रत्येक कारणाला १ ते ९ गुण द्या, शेवटच्या दोघांच्या बेरजेतून पहिल्या दोघांची बेरीज वजा करा. उत्तर उणे आलं तर ध्येय वाईट ठरत नाही, पण अडचण आली की जोर कमी पडणार हे धरून चाला. त्यांच्या अभ्यासात जुळणाऱ्या ध्येयांसाठी लोक जास्त काळ कष्ट घेताना दिसले, आणि ती पूर्ण झाल्यावर समाधानही जास्त मिळालं.

---

शंकासूर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण या विषयात खऱ्या अभ्यासांपेक्षा थापाच जास्त फिरतात.

आधी खरं काय ते. पॅट्रिक हिल आणि निकोलस टुरिआनो यांचा २०१४ चा अभ्यास: अमेरिकेतले ६,००० हून अधिक प्रौढ, १४ वर्षांचा पाठपुरावा. आयुष्याला हेतू आहे असं ज्यांना जास्त वाटत होतं त्यांच्यात त्या काळात मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि हा फरक तरुण, मध्यमवयीन, वृद्ध अशा सगळ्या वयोगटांत दिसला. त्याआधी २००८ मध्ये जपानमधल्या ओसाकी इथल्या ४३,३९१ लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ४० ते ७९ वयाचे लोक, सात वर्षं. जगण्यात 'इकिगाई' (जपानीत, जिच्यामुळे जगावंसं वाटतं अशी गोष्ट) आहे का, एवढाच प्रश्न विचारला होता. 'नाही' म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं.

पण हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. लोकांना चिठ्ठ्या टाकून 'तुम्ही हेतूवाले, तुम्ही बिनहेतूवाले' असं वाटता येत नाही. आजारी माणसाचा हेतू आजारामुळेच विरलेला असू शकतो. संशोधक वय, आजार, सवयी यांचा हिशेब लावतात, तरी शंका पूर्ण फिटत नाही. तेव्हा 'संबंध आहे' इथपर्यंत ठीक. 'हेतू शोधा, आयुष्य वाढवा' ही जाहिरात झाली.

आता थापा. '१९५३ साली येल विद्यापीठात ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येय लिहून ठेवलं होतं, वीस वर्षांनी त्यांची संपत्ती बाकीच्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त होती' हे प्रत्येक शिबिरात ऐकवतात. असा अभ्यास झालेलाच नाही. शोधणाऱ्यांनी विद्यापीठात चौकशी केली, कागद सोडाच, असं काही झाल्याचं कोणाला आठवतही नव्हतं.

दुसरी: 'इकिगाई' म्हणून फिरणारी चार वर्तुळांची आकृती (आवडतं, जमतं, जगाला हवंय, पैसे मिळतात). ती जपानी नाही. हेतूची एक जुनी आकृती उचलून २०१४ मध्ये एका ब्लॉगवर तिच्या मधोमध हा शब्द बसवला गेला. जपानीत तो शब्द नातवंडं, बाग, सकाळचा फेरफटका यांनाही लागू होतो, पैशाची अट त्यात नाही. चारही वर्तुळं एकाच जागी छेदलीच पाहिजेत असं धरून बसलं की हाती असलेलं चांगलं काम 'अपुरं' वाटायला लागतं. माझ्या मते त्या आकृतीने फायद्यापेक्षा नुकसान जास्त केलंय.

भक्कम पुरावा आहे तो ध्येयाच्या नेमकेपणाबद्दल. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांचं काही दशकांचं काम सांगतं की 'जमेल तेवढं कर' यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं की काम जास्त होतं. अटी आहेत: ध्येय मनाने स्वीकारलेलं हवं, लागणारं कौशल्य हवं, आणि कुठवर आलो ते अधूनमधून कळत राहायला हवं. कौशल्यच नसेल तर कामगिरीचं ध्येय उलटतं, तिथे आधी शिकण्याचं ध्येय ठेवावं: 'पहिल्या तीन महिन्यांत अमुक इतकी विक्री' नव्हे, तर 'गिऱ्हाईक नाही का म्हणतं याची पाच कारणं शोधणे'.

---

मोजपट्टी

आडवाट यांच्याशी सहमत. दुसरा प्रश्न घेते: दूरचं चित्र आणि येणारा मंगळवार.

हेतू कधी संपत नाही, त्यावर तारीख टाकता येत नाही. तारीख पडते ती चित्रावर. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या ओळींवर लिहा. उदाहरणच घेऊ. हेतू: 'घरभाड्याचे कायदे भाडेकरूंना समजतील असे मांडणे.' पाच वर्षांनंतरचं चित्र: या एका विषयावर, वकिलाकडून तपासलेले, ४० लेख.

आता भागाकार. वर्षाला ८ लेख, म्हणजे साधारण सहा आठवड्यांना एक. एका लेखाचा अंदाज: वाचन ६ तास, कच्चा मसुदा ४, तपासून घेणं २, पुनर्लेखन ३. एकूण १५ तास. आठवड्याला अडीच तास. सोपं वाटतं ना? इथेच सगळे फसतात.

असे अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतात. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच याला नियोजनाचा भ्रम म्हटलं होतं. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमी पडला. कारण अंदाज बांधताना आपण समोरच्या कामाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणतो, मागच्या तशाच कामांना काय झालं ते पाहत नाही.

त्यावर इलाज: अशाच प्रकारची मागची तीन कामं आठवा, ठरवलेला वेळ आणि लागलेला वेळ लिहा, लागलेल्या वेळाला ठरवलेल्या वेळाने भागून गुणोत्तर काढा. समजा १.६ आलं. मग १५ तासांचे झाले २४, म्हणजे धरून चाला २५. ४० लेख गुणिले २५ म्हणजे १,००० तास. वर्षाचे ५० आठवडे धरले तर पाच वर्षांचे २५०, म्हणजे आठवड्याला ४ तास. तेवढे आहेत का? नसतील आणि अडीचच असतील, तर चित्र बदला: २५ लेख. २५ गुणिले २५ म्हणजे ६२५ तास, भागिले २५०, बरोबर अडीच. चाळीसचे पंचवीस करणं म्हणजे माघार नव्हे. चाळीसचा आकडा तसाच ठेवून तिसऱ्या महिन्यात सगळंच सोडून देतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग मंगळवार. 'मंगळवारी लिहायला बसणार' हे पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं 'जर-तर' वाक्य (अमुक घडलं की तमुक करणार) वापरा: 'मंगळवारी रात्री जेवणानंतर टेबल पुसून झालं की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मसुद्याची फाइल उघडणार.' प्रसंग असा हवा की तो घडला हे डोळ्यांना दिसतं. 'वेळ मिळाला की' हा प्रसंग नव्हे, तो कधीच दिसत नाही. २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा या साध्या वाक्याचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. एका वेळी एक किंवा दोनच अशी वाक्यं ठेवा, दहा लिहिली की एकही आठवत नाही.

डोळे मिटून यशाचं सुंदर चित्र पाहायला सांगतात, त्याबाबत सावध. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या प्रयोगांत नुसतं गोड चित्र रंगवणाऱ्यांचा जोर कमी झालेला दिसला, जणू काम अर्धं झालंच. त्यांचा क्रम असा आहे: इच्छा, ती पूर्ण झाल्याचं चित्र, मग आपल्या आतली मुख्य अडचण, मग तिच्यासाठी जर-तर. अडचण चित्राच्या नंतरच यायला हवी. क्रम उलटा केला तर तो परिणाम मिळत नाही. आणि अडचण स्वतःची हवी. 'साहेब सुटी देत नाहीत' हे खरं असेलही, पण मसुदा कोणाला दाखवायची धास्ती वाटते म्हणून तो अपुरा राहतो, हे जास्त उपयोगाचं.

अवांतर: नवं ध्येय सगळ्यांना जाहीर करू नका. गोलवित्झर यांच्याच २००९ च्या अभ्यासात, 'मी अमुक होणार' हा संकल्प दुसऱ्याने नुसता लक्षात घेतल्यावर लोकांनी त्यासाठी कमी काम केलं. कौतुकातच थोडं पोट भरतं. मसुदा कुठवर आला असं दर पंधरवड्याला विचारणारा एक माणूस पुरे.

---

कोरीपाटी

सगळ्यांना धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे. चौथा प्रश्न मात्र तसाच राहिला. शिवाय एक उपप्रश्न: घरात लहान मुलं किंवा आजारी माणूस असेल, आठवड्याला अडीच तासही निघत नसतील, तर हेतू बाजूला ठेवायचा का?

---

सावलीतला

'सापडला नाही' म्हणताना दोन गोष्टींची गल्लत होते. मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दहा प्रश्नांची एक प्रश्नावली केली. पाच प्रश्न 'अर्थ आहे का' याचे आणि पाच 'शोधतोय का' याचे, प्रत्येकाला १ ते ७ गुण, दोन्ही बेरजा वेगळ्या, ५ ते ३५. दोन्ही एकाच वेळी जास्त असू शकतात. शोध चालू आहे म्हणून हाती काहीच नाही असं ठरत नाही.

शोधाला मुदत घाला. तीन शक्यता निवडा, प्रत्येकीला सहा आठवडे, आठवड्याला दोन तास, म्हणजे बारा तासांत एक छोटा पण पूर्ण नमुना: एक तास शिकवणं, एक लेख, एक दुरुस्त केलेली वस्तू. वाचन आणि व्हिडिओ या बारा तासांत धरायचे नाहीत. सहा आठवड्यांनी एकच प्रश्न: यातलं कंटाळवाणं काम मला चालेल का? प्रत्येक कामात कंटाळवाणा भाग असतोच, आणि तो सहन होतो की नाही यावर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात. नुसती आवड या कंटाळ्यापुढे फार टिकत नाही.

उपप्रश्नाबद्दल. आजारी माणसाची किंवा मुलांची काळजी घेणं हाच त्या काळातला हेतू असू शकतो, त्याला 'अडथळा' म्हणून वहीत टाकू नका. आडवाट यांचाच साचा लावा: 'आईला शक्य तितकी हालचाल स्वतःची स्वतः करता यावी.' यातूनही निर्णय निघतात. सगळं हातात देणारा मदतनीस नको, व्यायाम करून घेणारा हवा. दुसरी आवड पूर्ण सोडायची नसेल तर ती बंद न करता लहान करा: आठवड्याला अर्धा तास, तोही फक्त वाचन किंवा टिपणं. उत्पादन शून्य धरा आणि पुन्हा कधी तपासायचं ती तारीख लिहा.

आणि एक गोष्ट वगळता येणार नाही. आधी आवडायच्या त्या गोष्टींतही रस उरला नसेल, किंवा दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल आणि झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. ती नैराश्याची लक्षणं असू शकतात. त्या अवस्थेत हेतू शोधायला बसलं की प्रत्येक उत्तर 'काही अर्थ नाही' असंच येतं आणि माणूस त्यालाच निष्कर्ष समजतो. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

---

कोरीपाटी

नोंदवहीला सोमवारपासून सुरुवात. तोवर कच्चं वाक्य: 'नव्याने कामाला लागलेल्या तरुणांना आर्थिक बाबतीत मदत करणे.' चालेल?

---

आडवाट

दिशा बरी आहे, दोन जागा सैल आहेत. 'मदत करणे' काढा, ते क्रियापद काहीही खपवून घेतं. कर्ज देणंही मदत आणि सल्ला देणंही मदत. 'आर्थिक बाबतीत' हेही फार रुंद आहे, कर, विमा, कर्ज, बचत यातलं एक निवडा. उदाहरणार्थ: 'नव्याने कमावू लागलेल्यांना कर्जाचा करार सही करण्याआधी वाचायला शिकवणे.' आता कोणीतरी शेअर बाजाराच्या कोर्सला बोलावलं तर उत्तर तयार आहे.

पण हे मी सुचवलेलं आहे, म्हणून उसनं आहे. दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्यावरच पक्कं करा. नोंदींत विम्याबद्दलच जास्त लोक विचारायला आलेले दिसले तर विमा घ्या.

---

मोजपट्टी

एक भर. पक्कं झालं की वाक्याखाली दोन तारखा लिहा. पहिली तीन महिन्यांनंतरची: त्या दिवशी वाक्याला हात लावायचा नाही, फक्त तास मोजायचे आणि गुणोत्तर नव्याने काढायचं. दुसरी एक वर्षानंतरची: तेव्हा वाक्य बदलायची मुभा. आणि थांबायची अट आजच लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'सलग दोन तिमाहींत ठरवलेल्या तासांच्या निम्मेही झाले नाहीत तर हे चित्र सोडून दुसरं घेणार.' नंतर लिहिली तर तोवर घातलेल्या तासांची माया आड येते. वाक्य बदलाल तेव्हा जुनं खोडू नका, त्यावर एक रेघ मारून खाली नवं लिहा आणि शेजारी बदलायचं कारण. तीन-चार बदलांनंतर ती कारणंच वाचण्यासारखी असतात.

---

शंकासूर

आणि वही साधीच घ्या. ध्येय लिहायच्या छापील डायऱ्या मिळतात, त्यांत निम्मी पानं सुविचारांनी भरलेली असतात आणि अर्ध्या तासाचे रकाने नसतात.